मोटार पेटवायची वेळ

गेले पंधरा दिवस आमच्या घरात दुसरा विषय नाही. मुलाची गाडी जुनी झालीये. कधी क्लच जातो, कधी रेडिएटर गळतो. सून म्हणते, काढून टाका एकदाची. मुलगा म्हणतो, अजून चार वर्षं सहज काढेल. परवा जेवताना त्याने मलाच मध्ये ओढलं. "आई, तू सांग. ठेवू की बदलू?" मी म्हटलं, "मला काय विचारतोस बाबा, मी म्हातारी. भात घे अजून." तो हसला आणि त्याचं झालं. मी मात्र ताट तसंच ठेवून उठले.

मोहोपाड्याच्या या कॉलनीत फाटकाशी एक इस्त्रीवाला बसतो. सकाळी तो इस्त्रीतले कोळसे फुलवतो, पुठ्ठ्याने वारा घालतो, आणि निखाऱ्याचा तो कोरडा, घशाशी बसणारा वास सुटतो. मी दूध आणायच्या निमित्ताने खाली उतरते आणि तिथं जरा घुटमळते. त्याला वाटतं म्हातारीला कपडे द्यायचेत. आता त्याला काय सांगू? हा वास माझ्या ऐन जवानीचा आहे. बायकांना म्हणे मोगऱ्याचा वास आठवतो. माझ्या नशिबी कोळसा.

दुसऱ्या महायुद्धाची, आमच्या भाषेत लढाईची, वर्षं होती ती. आमचं सासरचं घर चौक गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागून. कर्जत स्टेशनावरून माणसं घ्यायची, चौकावरून खालापूरला कचेरीपर्यंत सोडायची, तिकडची घेऊन परत यायचं, असा आमचा मोटारीचा धंदा होता. मोटार सासऱ्यांनी घेतलेली. कापडी टपाची, हिरवी, दोन्ही बाजूंना फळी, पुढे दोन मोठे दिवे. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे नव्हते, मोटार होती. आमचे हे चालवायचे. पाच माणसांची मोटार, पण त्यात अकरा बसायची, शिवाय कोंबड्या, करवंदांच्या पाट्या, एखादी नवी नवरी आणि तिची ट्रंक. नवरी रडत असली की हे मोटार हळू हाकायचे. बाकी कुणासाठी हळू हाकली असेल तर शपथ.

मग पेट्रोल दिसेनासं झालं. कुपनावर जे मिळायचं त्यात महिन्याचे चार दिवस जेमतेम निघत. तेव्हा सगळ्यांनी केलं तेच आम्ही केलं. मोटारीच्या मागे एक लोखंडी पीप बसवून घेतलं. त्या पिपात लाकडी कोळसा पेटवायचा, तो आत धुमसत राहायचा, आणि त्याचा जो गॅस निघायचा तो नळीतून इंजिनात जायचा. त्यावर मोटार चालायची. मधे अजून एक बारकं पीप, त्यात नारळाचा काथ्या ठासून भरलेला. राख, भुकटी जे काही येईल ते काथ्यात अडकायचं आणि गॅस गाळून पुढे जायचा. आठवड्याला तो काथ्या काढायचा, ओढ्यावर धुवायचा, वाळवून परत भरायचा. हे काम माझं.

पीप पेटवायचं कामही माझ्याकडेच आलं. आधी क्लीनर होता, तो लष्करात भरती झाला. दोघे दीर शेतावरचे. ते म्हणाले, "आमी नाय हात काळं करनार." तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढे बसल्या बसल्या म्हणाल्या, "मग सूनबाईला घे की. तिचं हात काय सोन्याचं हायत?" खरंच असंच म्हणाल्या. मला तेव्हा रागच आला होता. पण आयुष्यात त्यांनी माझ्यावर एवढे उपकार दुसरे केले नाहीत, आणि ते त्यांना स्वतःलाही कधी कळलं नाही.

कसं ते सांगते. आमच्या घरात माणसं नऊ. दिवसाढवळ्या नवऱ्याशी बोलणारी सून म्हणजे लाज सोडलेली बाई. काय हवं-नको ते आत्याबाईंच्या तोंडून. हे ओटीवर जेवायचे, मी दाराआडून वाढायची. रात्री बायका माजघरात, पुरुष ओटीवर. पोरं कशी झाली ते देवालाच ठाऊक, असं आम्ही जावाजावा पाण्यावर हसायचो. पण पोरं होणं वेगळं आणि बोलणं वेगळं. लग्नाला दोन वर्षं झाली तरी मला त्यांचा आवाज नीट ठाऊक नव्हता. दुसऱ्यावर ओरडताना ऐकलेला, तेवढाच.

आणि मग ती पहाट. कोंबडं आरवलं की मी उठायची. शेणाने सारवलेल्या शेडमध्ये मोटार उभी, पायाला गार लागायचं. हे पिपात कोळसा भरायचे, तळाशी निखारा टाकायचे, आणि मी पंख्याचं हँडल फिरवायची. वीस-पंचवीस मिनिटं फिरवावं लागे. पंख्याची घरघर एवढी की घरात कुणाला काही ऐकू जायचं नाही. पहिले चार दिवस आम्ही दोघं मुक्यासारखे. पाचव्या दिवशी हे म्हणाले, "दंड दुखत असतील न्हवं?" बस्स, एवढंच. मी मान हलवली. त्या दिवशी कपाळावर काजळी घेऊनच मी भाकऱ्या थापल्या. जाऊबाई म्हणाली, "तोंड बघ आरशात, कातकरीण झाली हायस नुसती." पण माझं लक्ष कुठे होतं!

त्यानंतर सुटलीच की गाडी. काय बोलायचो? काहीही. काल कोण मोटारीत ओकलं. कचेरीतला कोणता कारकून फुकट बसला आणि वर पुढची जागा मागितली. लहानपणी ह्यांना अलिबागेला नेलं होतं, तिथं समुद्र बघून हे कसे रडले होते. मी माझ्या आईचं सांगायची, माहेरच्या चिंचेचं सांगायची. थोरला पोटात असताना ह्यांनी विचारलं, "काय खावंसं वाटतं गं?" मी म्हटलं, "पेरू." संध्याकाळी कर्जतहून सगळ्या घराला पेरू आले, टोपलीभर. आत्याबाई म्हणाल्या, एवढे कशाला आणले? हे म्हणाले, स्वस्त होते. मी माजघरात पदर तोंडात धरून हसले.

पीप तयार झालं का ते बघायची रीत होती. नळीला एक तोटी होती, तिच्या तोंडाशी जळती काडी धरायची. गॅस पेट घ्यायचा. ज्योत पिवळी असली तर अजून कच्चा. निळी झाली की हे म्हणायचे, "झालं." मग हँडल मारायचं, इंजिन दोनदा खोकायचं आणि लागायचं. कधी कधी मला ज्योत चांगली निळी दिसायची तरी हे म्हणायचे, "अजून पिवळी हाय, फिरव जरा." मला वाटायचं, माणूस कामाचा चोख आहे.

दसऱ्याला मोटार निघायची आणि मिरगाला बंद व्हायची. चौकाचा रस्ता तेव्हा कच्चा, पावसात गुडघाभर चिखल. चाकं काढून मोटार ओंडक्यांवर बसवायची आणि चार महिने तिच्यावर कोंबड्या अंडी घालायच्या. ते चार महिने आमचं बोलणंही ओंडक्यावर. बाकीच्या बायका पावसाची वाट बघत, मी मात्र मेघ गडगडला की कपाळाला हात लावायची. दसऱ्याच्या सकाळी झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबू, नारळ. पिपाला मी स्वतः पाच बोटं कुंकू लावायची. आत्याबाई म्हणत, "त्या मेल्या पिपाला कशाला?" मी म्हणे, "अन्न देतंय ना ते."

कोळसा घेऊन बुधी यायची. इरसाळच्या डोंगराखालच्या वाडीतली कातकरीण, माझ्याच वयाची, काटकुळी. डोक्यावर पाटी, त्यात धावड्याचा, खैराचा कोळसा. दोन तुकडे एकमेकांवर आपटून दाखवायची, खणखण वाजला तर सुका. मी तिला भाकरी द्यायची आणि ती शेडच्या दाराशी बसून खायची. आमचं बरं जमायचं. एका हिवाळ्यात ती तीन आठवडे आली नाही. आली तेव्हा कपाळ मोकळं. तिचा नवरा कोळशाच्या भट्टीच्या तोंडाशी शेक घेत निजला होता, तो उठलाच नाही. "काय रोग नाय, काय नाय," बुधी म्हणाली. "निजल्यावानीच दिसत होता बाय. गाल असं लाल लाल. भट्टीचा वारा खाल्ला त्यानं." आणि मोटारीच्या पिपाकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्यात पन तोच वारा हाय. तुज्या मालकाला जप."

मी पिपाचे सांधे चाचपून बघितले. कारण गेल्या वर्षभरात ह्यांचे गाल लाल व्हायला लागले होते. आत्याबाई तर कौतुकाने दृष्ट काढायच्या. म्हणायच्या, "माज्या लेकाची कांती बगा कशी उजळली." कसली कांती! संध्याकाळी डोकं धरून ओटीवर पडून असायचे. डोकं फुटतंय म्हणायचे, उलटी काढायचे. पीप जुनं झालं होतं, सांध्यासांध्यातून गॅस गळायचा, आणि टप लावला की सगळा पुढच्या सीटवर. एकदा भर दुपारी मोटार दाराशी येऊन थांबली. उतारू उतरून गेले, हे उतरेनात. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले तर डोकं स्टिअरिंगच्या चाकावर टेकलेलं, डोळे अर्धे उघडे, आणि गाल लालबुंद. मी सगळ्यांच्या देखत ओरडले, "अहो!" खांद्याला धरून हलवलं, तोंडावर पाणी मारलं. रस्त्यावर माणसं उभी, ओटीवर आत्याबाई उभ्या. ह्यांनी दोन मिनिटांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आलो का घरी?" त्या दिवशी मला आत्याबाईंनी काही म्हटलं नाही. त्यांनीही लेकाचं तोंड बघितलं होतं.

लढाई संपली. खोपोलीचे आमचे चुलत दीर मिलिटरीच्या डिस्पोजलमधला, म्हणजे लष्कराने विकायला काढलेला, एक ट्रक घेत होते. अर्धी भागी घे, म्हणून ह्यांच्या मागे लागले. ट्रकला पेट्रोलचं वेगळं परमिट मिळणार होतं, पीप नको, कोळसा नको. मला तर देवच पावला असं वाटलं. दुसऱ्या पहाटे हँडल फिरवता फिरवता मी म्हटलं, "घ्या की तो ट्रक."

"नको."

"का पण? ही आता जुनी झाली. किती डागडुजी करणार?"

"सांधे नवे लावून घेतो पिपाचे. अजून चार वर्षं चालंल."

"आणि तुम्ही? तुम्ही चालाल का चार वर्षं?"

हे हसले. "बाबांची मोटार हाय ती. तुला नाय कळायचं ते."

तीनदा बोलले मी. एकदा रडूनही बघितलं. तिन्ही वेळा "तुला नाय कळायचं." सांधे बदलले, महिन्याने पुन्हा गळायला लागले. आणि एका सकाळी वाढताना मी दाराआडून बघितलं, तर ह्यांचा हात भातावर नुसता फिरत होता, घास सापडत नव्हता. मोटारीपायी हा माणूस मरणार. सासऱ्यांनी लोखंड घेतलं आणि त्यापायी माझं कुंकू जाणार. त्या दिवशी मी मोटारीचा द्वेष केला, अगदी सवतीचा करावा तसा.

शिमगा झाल्यावर मी काथ्या धुवायला काढला आणि परत भरलाच नाही. रिकाम्या बारक्या पिपाला झाकण लावून टाकलं. काथ्या नेऊन गोवऱ्यांच्या ढिगात कोंबला. नवा होता तो, दिवाळीतच आणलेला. शिवाय कोळसा चाळायचंही सोडलं, भुकटीसकट पिपात. ती राख सगळी इंजिनात जाणार आणि आतलं लोखंड खाणार, हे मला ह्यांनीच शिकवलं होतं. महिना-दीड महिना लागला. रोज पहाटे मी पंखा फिरवत होते, हे गप्पा मारत होते, मी हसत होते, आणि आत राख जात होती. पाप म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. मला तेव्हा एवढंच दिसत होतं, की मोटार आधी मेली पाहिजे, माणूस नंतर, म्हातारा होऊन.

चैत्र संपता संपता खालापूरहून येताना इंजिन अडकलं. बैल जोडून मोटार घरी आणली. मागे हे चालत, टोपी हातात. कर्जतचा मिस्त्री आला, सगळं खोललं, आणि हात पुसत म्हणाला, "आतून पार खाल्लंय. हिच्यावर खर्च म्हंजी पान्यात. दुसरी बघा." मग त्याने बारकं पीप उघडलं. मी चुलीपाशी होते, पण कान तिकडेच. आत्याबाईंनी विचारलं, "काय रं, कशानं झालं?"

झाकण खणकन परत बसलं. मग ह्यांचा आवाज आला. "काथ्या कुजला होता. जुनाच होता."

मी भाकरी तव्यावर करपवली. दिवाळीत तो काथ्या ह्यांनी स्वतः कर्जतच्या बाजारातून आणला होता.

ट्रक आला. पहिल्या दिवशी सवयीने मी कोंबड्याला उठले, शेडपाशी गेले. हे आधीच वर बसले होते. कळ दाबली, इंजिन लागलं. मला बघून खाली वाकून म्हणाले, "तू कशाला उठलीस? जा, नीज जा. आता त्रास नाय तुला." प्रेमानं म्हणाले हो. ट्रक गेला, धूळ खाली बसली, मी तिथंच उभी. आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की मी काय करून बसलेय.

पुढे डोकेदुखी गेली, उलट्या गेल्या. दोन महिन्यांत गालाचा रंग मूळच्या सावळ्यावर आला. आत्याबाई म्हणाल्या, "लेक माजा काळवंडला." मी देवापुढे साखर ठेवली. बुधी एकदा पाटी घेऊन आली, तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी तो कोळसा घरासाठी ठेवून घेतला, भाकरी दिली, आणि त्यानंतर ती आली नाही. मोटार भंगारवाल्याने नेली. टपाचं कापड पेंढ्यावर घातलं, मागची सीट ओटीवर आली, आत्याबाई मरेपर्यंत तीवर बसून पान कुटायच्या. ह्यांना ट्रक लांब नेऊ लागला, पनवेल, पुणे. आले की "वाढ", निघाले की "येतो". पोरं मोठी झाली, दीर वेगळे झाले, आत्याबाई गेल्या. तोवर आम्हाला न बोलायची सवय पडून गेली होती. भांडण नाही, राग नाही. नुसतं शब्द लागत नव्हते. खूप वर्षं गेली अशी. सांगायला दोन ओळी, काढायला जन्म.

ह्यांना जाऊन आता चार वर्षं झाली. त्याच्या आदल्या साली एका दुपारी आम्ही दोघंच घरात होतो. मोड आलेले वाल सोलत बसलो होतो, मधे पाण्याचं पातेलं. मला काय झालं कुणास ठाऊक, मी मान वर न करता म्हटलं, "तो काथ्या मी मुद्दाम काढला होता."

"ठाऊक हाय," हे म्हणाले.

"कधीपासून?"

"मिस्त्रीनं पीप खोललं तवापासून."

"मग एकदा तरी ओरडायचं होतं माझ्यावर. तुमच्या बाबांची मोटार मारली मी."

ह्यांच्या हातातला वाल तसाच राहिला. "बाबांची म्हणून मी ती धरून बसलो होतो, असं वाटलं तुला?"

मी पहिल्यांदा मान वर केली.

"आनि वरडनार कुठं गं? घरात नऊ मानसं. आपली बोलायची जागा ती एकच होती."

घरात तेव्हा ऐकायला कुणीसुद्धा नव्हतं. तरी त्यापुढे आम्हाला दोघांनाही काही बोलायला सुचलं नाही.